पाऊण पानाचा सीन आणि एक संध्याकाळ: निर्मिती व्यवस्थापन शिकायचं तर सुरुवात कुठून?

कुळागर
गोव्यात राहून चित्रपट-मालिकांचं निर्मिती व्यवस्थापन शिकायचं आहे. दिग्दर्शन नाही, कॅमेरा नाही. वेळापत्रक, बजेट, परवाने, माणसं, जेवण, गाड्या, हिशेब हे सगळं. कोर्स करावा, की थेट सेटवर जावं, की आधी घरी बसून काही करता येईल?

नुसता प्रश्न टाकला तर उत्तरंही मोघम येतील, म्हणून सरावासाठी लिहिलेला एक सीन देत आहे.

बाह्य. समुद्रकिनारा. तिन्हीसांज. सुमन वाळूत बसली आहे. तिची आठ वर्षांची मुलगी कुत्र्याबरोबर खेळते आहे. लांबून होडी येते. होडीतून नवरा उतरतो. मुलगी पाण्यातून त्याच्याकडे धावते. सुमन उठत नाही. सहा ओळींचा संवाद. सूर्य बुडतो.

लांबी पाऊण पान. काळ डिसेंबरचा पहिला आठवडा, जागा मोरजी. बारा तासांच्या दिवसात याच्या जोडीला त्याच गावातल्या घरातले आणखी तीन सीन धरले आहेत. एकूण साडेचार पानं. जमेल का?

रंगपीठ
जमणार नाही. पण प्रश्न सीनसकट विचारलात हे फार चांगलं केलंत.

पान मोजायची रीत आधी सांगतो. पटकथेच्या एका पानाचे आठ भाग करतात, एक भाग म्हणजे साधारण इंचभर मजकूर. तुमचा सीन सहा-अष्टमांश. घरातला, चहा पिता पिता बोलण्याचा सीनही सहा-अष्टमांश असू शकतो. कागदावर दोन्ही सारखेच. पण चहाचा सीन दोन-अडीच तासांत उरकतो, आणि किनाऱ्यावरच्या सीनला तुमच्या हातात उजेडच मुळी पाऊण तासाचा आहे. अष्टमांश लांबी सांगतात, वेळ सांगत नाहीत. हे कळलं की व्यवस्थापन शिकायला सुरुवात झाली.

आता फोड करा. सीन छापून घ्या आणि रंगीत पेन्सिली घेऊन बसा. कलाकार एका रंगाने, मूल वेगळ्या रंगाने, प्राणी, वाहन (होडी इथे येते), वस्तू, कपडे, पाण्यात भिजण्यासारखी खास कामं. प्रत्येक सीनचा एक फोड-कागद. आठ ओळींच्या या सीनमध्ये मला अकरा नोंदी दिसतात. तुम्हाला किती दिसतात ते आधी लिहा, मग बोलू.

साळ नदी
मोरजी बदला. बाकीचं नंतर.

मोरजी, मांद्रे, आगोंद आणि गालजीबाग हे ऑलिव्ह रिडले कासवांचे अंडी घालायचे किनारे. नोव्हेंबरपासून माद्या यायला लागतात. हे कासव वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहे. रात्रीचा उजेड आणि आवाज हीच त्यांची मुख्य अडचण: माद्या अंडी न घालताच परततात आणि पिल्लं समुद्राऐवजी दिव्यांकडे चालू लागतात. तिथे अंधार पडताना जनरेटर आणि दिवे घेऊन जायचा विचारही नको. परवाना मिळेल की नाही हा पुढचा मुद्दा, मुळात ते करू नये. केळशी, बाणावलीकडे पाहा.

कुळागर
@रंगपीठ, मला आठ दिसल्या: सुमन, मुलगी, नवरा, कुत्रा, होडी, सूर्यास्त, पाणी, संवाद.
@साळ नदी, मोरजी खोडली.

रंगपीठ
राहिलेल्या तीन: होडी चालवणारा माणूस, पाण्यात धावणाऱ्या मुलीसाठी जीवरक्षक, आणि ओल्या कपड्यांचे जादा जोड. मुलगी एकदा भिजली की दुसऱ्या टेकला कोरडा फ्रॉक लागतो. चार टेक धरा, चार सारखे फ्रॉक, टॉवेल, केस वाळवायचं यंत्र. त्या यंत्रासाठी वीज. ही वीज तुमच्या यादीत कुठेच नव्हती, आणि ती एका फ्रॉकमधून निघाली. फोड करणं म्हणजे हेच, एका नोंदीतून दुसरी ओढून काढणं.

तिसवाडी
उजेडाचा हिशेब मांडतो.

डिसेंबरच्या सुरुवातीला आपल्याकडे सूर्यास्त सहा-सव्वासहाच्या आतला. सूर्य क्षितिजापासून सहा अंशांवर आला की तो बुडेपर्यंत साधारण २५ मिनिटं. बुडाल्यानंतर कॅमेऱ्याला वापरता येईल असा आकाशाचा उजेड २०-२२ मिनिटं. उत्तरेकडच्या देशांत संध्याकाळ तासन् तास रेंगाळते, आपल्याकडे नाही. म्हणजे ४५ मिनिटं. दिवे न लावता, कॅमेरा खांद्यावर घेऊन, एका रचनेला (कॅमेरा एका जागी लावून घेतलेल्या शॉटला) ९ मिनिटं धरली तरी पाच रचना. तुमच्या सीनला निदान सात हव्यात: रुंद मास्टर (सगळा सीन एकत्र दिसणारा शॉट), होडी, नवरा उतरताना, मुलगी धावताना, सुमन, नवरा जवळून, बुडता सूर्य.

उपाय दोन. पहिला, दोन संध्याकाळी घ्या. दुसरा, जवळचे चेहरे साडेचारलाच घ्या. सुमनचं तोंड समुद्राकडे ठेवा, मागे सुरूचं बन येऊ द्या, डोक्यावर बारा बाय बारा फुटांचं पांढरं कापड ताणून ऊन मऊ करा, एका बाजूने केशरी जेल (रंगीत पारदर्शक कागद) लावलेला एलईडी द्या. प्रेक्षकाला फरक कळणार नाही. सूर्य दिसतो त्याच रचना शेवटच्या ४५ मिनिटांसाठी राखून ठेवा, आणि त्यातही पहिली रुंद मास्टर. ती हुकली तर सीनच गेला.

वाऱ्यात ते बारा बाय बारा शिडासारखं फुगतं. प्रत्येक कोपऱ्याला दोरी, स्टँडला वाळूच्या पिशव्या, आणि धरायला चार माणसं. चार म्हणजे चारच.

वायंगण
वाचनखूण साठवली. भरती-ओहोटीबद्दल कुणी बोललंच नाही अजून?

साळ नदी
बोलतोच. आपल्याकडे दिवसाला दोन भरत्या, दोन ओहोट्या. उधाणाच्या दिवशी चढ-उतार दोन मीटरच्या घरात. उतरता किनारा असेल तर पाण्याची रेघ कितीतरी पावलं मागे-पुढे सरकते. शिवाय वेळ दररोज साधारण ५० मिनिटांनी पुढे जाते. रेकीच्या (जागेच्या आगाऊ पाहणीच्या) दिवशी सहा वाजता ओहोटी होती म्हणून शूटिंगच्या दिवशी असेल असं नाही, आठवड्याने नेमकं उलटं चित्र दिसतं. दोन संध्याकाळी सलग घेतल्या तरी दुसऱ्या दिवशी पाणी वेगळ्या जागी असणार, आणि कंटिन्युइटीवाल्याला (शॉट एकमेकांशी जुळतात का ते बघणाऱ्याला) ते आधीच सांगावं लागेल.

तुमचा सीन भरती चढत असताना घ्यावा. होडी वाळूपर्यंत येते आणि कलाकार गुडघाभर पाण्यात उतरतो. ओहोटीला ती लांबच टेकते आणि पाच-सहा जणांनी ओढावी लागते. मात्र चढत्या भरतीत ट्रॉलीचे रूळ आणि मॉनिटरचा तंबू कोरड्या वाळूवर, वर हवा. पाण्याची शेवटची रेघ काटक्या-शेवाळाने दिसते, तिच्या वर.

कुळागर
हे तर पंचांग बघून मुहूर्त काढण्यासारखं झालं!

साळ नदी
अगदी तसंच. अमावस्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांगाची (कमी चढ-उताराची) भरती. रापणकाराला (किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या मच्छीमाराला) विचारा, तो तोंडी सांगेल. पण छापील तक्ताही बघा.

पॅकअप
मुलगी आणि कुत्रा. या दोन गोष्टींनी जितकी वेळापत्रकं कोसळतात तितकी पावसाने कोसळत नाहीत.

मूल: १४ वर्षांखालच्या बालकलाकारासाठी, ज्या जिल्ह्यात शूटिंग आहे तिथल्या जिल्हादंडाधिकाऱ्याची परवानगी लागते. दिवसाला ५ तासांपेक्षा जास्त काम नाही, विश्रांतीशिवाय सलग ३ तासांपेक्षा जास्त नाही, सलग २७ दिवसांपेक्षा जास्त नाही. पाच मुलांमागे निदान एक जबाबदार व्यक्ती. मिळकतीचा किमान २० टक्के भाग मुलाच्या नावाने मुदतठेवीत. म्हणजे मुलीला सकाळी घरातल्या सीनला बोलावून संध्याकाळी किनाऱ्यावर नेता येणार नाही. तिचं बोलावणं दुपारी दीडच्या आधी देऊ नका. सेटवर आली तेव्हापासून घड्याळ सुरू झालं असं धरून चाला.

कुत्रा: भारतीय जीवजंतु कल्याण मंडळाची शूटिंगपूर्व परवानगी. ती आधी घ्यावी लागते, शूटिंग झाल्यावर कागद रंगवून चालत नाही. प्राण्याची नोंदणी, पशुवैद्याचा दाखला, सीनमध्ये तो नेमकं काय करणार याचं वर्णन. ‘खेळतो’ एवढं लिहून भागत नाही. पुढे सेन्सॉर प्रमाणपत्राच्या वेळी मंडळाचं पत्र मागतात आणि ते नसेल तर सीन कापायची वेळ येते.

माझं मत स्पष्ट आहे. लेखकाला विचारा, कुत्रा हवाच का? मुलगी शंख गोळा करत असेल तर गोष्टीचं काय बिघडलं?

रंगपीठ
@पॅकअप, इथे मात्र असहमत. शिकणाऱ्याला पहिल्याच धड्यात ‘कापा’ शिकवू नका. व्यवस्थापकाने किंमत सांगावी: कुत्र्यासाठी एवढे दिवस, एवढे कागद, एवढे पैसे. ठेवायचा की नाही ते दिग्दर्शक आणि निर्माता ठरवतील. सुमन उठत नाही आणि कुत्रा मात्र धावत जातो, सगळा सीन त्याच्यावर उभा असेल तर?

पॅकअप
मान्य. ‘विचारा’ म्हणालो तेही किंमत पुढे ठेवूनच विचारायचं. फक्त ते तीन महिने आधी विचारावं, आदल्या रात्री नव्हे.

तिसवाडी
गोव्यातल्या परवान्यांबद्दल थोडं. राज्यातल्या शूटिंगसाठी एक खिडकी म्हणजे एंटरटेनमेंट सोसायटी ऑफ गोवा, पणजीत. कथासार, जागा, तारखा, युनिटची यादी, गाड्या-यंत्रं हे सगळं एका अर्जात द्या. पण एक खिडकी म्हणजे एकच कागद, असा समज नको. होडीसाठी बंदर कप्तान खातं. किल्ला किंवा चर्च असेल तर ते कोणाकडे आहे ते बघा. जुन्या गोव्यातली बां जेझू बॅसिलिका आणि से कॅथेड्रल केंद्रीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे, शिवाय आत जायचं तर चर्चचीही संमती. राज्याच्या यादीतल्या वास्तू राज्य पुरातत्त्व खात्याकडे. पंचायत आणि पोलीस स्थानकाला प्रत. मूळ कागद आणि तीन झेरॉक्स सेटवर फाइलमध्ये असाव्यात. मोबाइलमधला फोटो दाखवून वाळूत वाद घालत बसलात तर तेवढ्यात सूर्य बुडतो.

ड्रोन: डिजिटल स्काय या ड्रोनसाठीच्या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर जागा बघितल्याशिवाय शब्द देऊ नका. हिरव्या पट्ट्यात ४०० फुटांपर्यंत, विमानतळाच्या कुंपणापासून ८ ते १२ किलोमीटरमध्ये २०० फुटांपर्यंत. दाबोळीला नौदलाचा तळ, उत्तरेत मोपा. छोट्या राज्यात ही दोन वर्तुळं बराच नकाशा खातात.

तारखांचं: २० ते २८ नोव्हेंबर इफ्फी (आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव), ३ डिसेंबर सायबाचं (संत फ्रान्सिस झेवियरचं) फेस्त, मग नाताळ. पणजी-जुने गोवे पट्ट्यात खोल्या आणि गाड्या दोन्ही महाग. तुमचा डिसेंबरचा पहिला आठवडा याच्या मधोमध पडतो.

हिशेबनीस
पैशाचं कुणीच बोलत नाही म्हणून लिहितो.

बजेट हे वेळापत्रकातून निघतं, उलटं नाही. आधी दिवस मोजा. मग प्रत्येक दिवसाला किती माणसं, किती गाड्या, कोणती यंत्रं. ६० माणसांचं युनिट धरा. नाश्ता, जेवण, संध्याकाळचं खाणं, म्हणजे दिवसाला १८० ताटल्या. एक दिवस वाढला की १८० ताटल्या, सगळ्या खोल्या आणि सगळ्या गाड्या वाढतात. त्यामुळे ‘पाचशे रुपये वाचवले’ असं सांगणाऱ्या मॅनेजरपेक्षा ‘अर्धा दिवस वाचवला’ म्हणणारा मोलाचा. एकूण खर्चावर १० टक्के आकस्मिक रक्कम ठेवा आणि तिला पहिल्या आठवड्यात हात लावू नका.

कंपनी मुंबईची आणि शूटिंग गोव्यात, यात एक खड्डा आहे. बंगला भाड्याने घेतला आणि मालक गोव्यात जीएसटी नोंदलेला असेल, तर स्थावर मालमत्तेवरचा कर जागा जिथे आहे त्या राज्याचा लागतो. बिलावर गोव्याचा राज्य कर आणि केंद्रीय कर येतो. महाराष्ट्रातल्या नोंदणीवर त्याची वजावट मिळत नाही. ५ लाखांच्या भाड्यावर १८ टक्क्यांनी ९०,००० रुपये. ते परत येणार असं धरून बजेट केलं असेल तर ९०,००० चं भोक पडलं. कॅमेरा-दिवे मुंबईहून भाड्याने आणले तर असं होत नाही, तिथे वजावट मिळते.

रोख: एका माणसाला एका दिवसात १०,००० रुपयांहून जास्त रोख दिली तर तो खर्च आयकरात धरत नाहीत. होडीवाला, जेवणवाला, दोघांचंही बँक खातं पहिल्याच दिवशी लिहून घ्या. कलाकार, कॅमेरामन, संकलक यांच्या मानधनातून १० टक्के उद्गम कर (टीडीएस), यंत्रांच्या भाड्यावर २ टक्के. व्हाउचरवर सीन क्रमांक आणि दिवस क्रमांक लिहायची सवय लावा. ‘किरकोळ १,२४०’ असं लिहिलेलं व्हाउचर मी तरी परत पाठवीन.

वायंगण
हिशेबनीस बाब, करारांबद्दलही लिहा ना. कोकणी कथेवर मराठी चित्रपट करायचा असेल तर?

हिशेबनीस
लेखक हयात असेल तर लेखकाशी, नसेल तर वारसांशी. हक्क मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतात. करारात दोन शब्द राहिले की घात होतो: मुदत आणि प्रदेश. लिहिली नाही तर कायद्याने मुदत ५ वर्षं आणि प्रदेश फक्त भारत असं धरतात. चित्रपट तयार होऊन ओटीटीला विकायला जावं आणि जगभरचे हक्क तुमच्याकडे नाहीतच असं निघावं, याहून वाईट दिवस नाही. भाषा, माध्यम, मालिका करायचा हक्क, पुन्हा निर्मितीचा हक्क, सगळं वेगवेगळं लिहा. आणि कॅमेरा लावण्याआधी सह्या घ्या.

रंगपीठ
मालिकेचं गणित वेगळं असतं तेही इथेच टाकतो, कारण धाग्याच्या शीर्षकात फक्त सीन आहे.

दैनिक मालिका, अर्ध्या तासाची वेळ. जाहिराती वजा जाता साधारण २१ मिनिटं धरा. आठवड्याला सहा भाग म्हणजे १२६ मिनिटं. एक युनिट दिवसाला १७ मिनिटं काढत असेल तर सहा दिवसांत १०२. आठवड्याला २४ मिनिटांची तूट, म्हणजे एका भागाहून जास्त. ही तूट भरायला महिन्यातले काही दिवस दुसरं युनिट लावायचं, आणि दोन्हीकडे तेच कलाकार असतील तर त्यांच्या तारखांचा तक्ता आधी. पाच-सहा भागांची बँक (तयार भागांचा साठा) हवीच. ती दोनवर आली की लेखकाच्या दारात बसायची वेळ येते आणि दर्जा तिथेच घसरतो.

बँक का लागते ते एप्रिल २०२१ ने दाखवलं. महाराष्ट्रात कोविडमुळे शूटिंग बंद झालं, मराठी-हिंदी मालिकांची युनिटं गोव्यात आली, आणि मे महिन्यात इथलेही परवाने रद्द झाले. ज्यांच्याकडे भाग शिल्लक होते त्यांना दुसरी जागा शोधायला श्वास मिळाला.

बॅकफोकस
डेटा. कुणी लिहिलं नाही.

मोठ्या सेन्सरचा कॅमेरा, ४.५के ओपन गेट (सेन्सरची पूर्ण चौकट), रॉ (न दाबलेलं मूळ चित्र), सेकंदाला २४ फ्रेम: एक फ्रेम साधारण २०.७ मेगाबाइट, सेकंदाला ४९६, तासाला पावणेदोन टेराबाइटच्या वर. दिवसाला दोन तासांचं चित्रण म्हणजे साडेतीन टेराबाइट. साध्या फिरत्या हार्ड डिस्कवर सेकंदाला १५० मेगाबाइट वेग धरला तर एका तासाच्या चित्रणाची प्रत काढायला तीन तास वीस मिनिटं. तीन प्रती हव्यात. सहाला पॅकअप झालं तर डेटावाला पहाटेपर्यंत जागतो, आणि सकाळी कार्डं रिकामी नसतात. म्हणून वेगवान एसएसडी आणि जादा कार्डं ही चैन नाही.

प्रत नेहमी चेकसम (मूळ आणि प्रत तंतोतंत एकच आहे हे दाखवणारा आकडा) जुळवणाऱ्या प्रणालीने. फाइल ओढून टाकायची पद्धत नको. कार्ड पुसायची परवानगी एकाच माणसाकडे. दोन डिस्क एकाच गाडीतून हॉटेलला नेऊ नका.

कुळागर
इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं, मनापासून आभार. मूळ प्रश्नाकडे येते: कोर्स की सेट?

पॅकअप
सेट. पण आधी सहा पटकथांची फोड करून जा. कुठलीही, जुन्या एकांकिकांचीही चालेल. पट्ट्या कापून भिंतीवर लावा: एक सीन, एक पट्टी. आधी जागेनुसार लावा, मग कलाकारांच्या तारखांनुसार, मग दिवस-रात्र. प्रत्येक वेळी काय मोडतं ते बघा. संगणकावरची प्रणाली नंतर शिका, ती आठ दिवसांत येते. पट्टी का हलवली ते सांगता येणं आठ दिवसांत येत नाही.

हिशेबनीस
कोर्सला नावं ठेवू नका. कोलकात्याच्या सत्यजित राय संस्थेत चित्रपट-दूरचित्रवाणी निर्मितीचा स्वतंत्र विभाग आहे. करार, वितरण, वित्त हे सेटवर चहा देता देता कानावर पडत नाही. शिवाय दर नोव्हेंबरला तुमच्या दारात फिल्म बाजार भरतो. २००७ पासून चालू आहे. तिथे निर्माते आपला प्रकल्प दहा मिनिटांत कसा मांडतात ते ऐका.

कुळागर
कालपासून नव्याने मांडलं. तपासाल का?

जागा केळशी. दोन दिवस. पहिला दिवस: सकाळी नऊला युनिट घरात, दोन सीन, मुलगी नाही. दुपारी दीडला मुलगी. साडेतीनला किनारा. साडेचार ते साडेपाच जवळचे चेहरे, कापडाखाली. साडेपाचपासून रुंद मास्टर, होडी, मुलगी धावताना, सूर्य. दुसरा दिवस: घरातला उरलेला सीन, आणि संध्याकाळ राखीव. कुत्रा ठेवला आहे, अर्ज तीन महिने आधी. जिल्हादंडाधिकाऱ्याचा अर्जही तेव्हाच. होडी साडेपाचला.

तिसवाडी
छान बसलंय. राखीव संध्याकाळ ठेवलीत हे सगळ्यात आवडलं. पहिल्या दिवशी ढग आले तरी सीन वाचेल. कॉलशीटवर (त्या दिवसाच्या कामाच्या पत्रकावर) सूर्यास्ताची आणि भरतीची वेळ, जवळचं इस्पितळ आणि १०८ लिहा. आणि लाटांमुळे संवाद नीट येणार नाहीत. टेक संपल्यावर कलाकारांना सुरूच्या बनात नेऊन त्याच सहा ओळी लगेच पुन्हा ध्वनिमुद्रित करून घ्या, दहा मिनिटं लागतात.

साळ नदी
एकच दुरुस्ती. होडी साडेपाचला नव्हे, चारला बोलवा. सव्वाचारला तिला एकदा पूर्ण फेरी मारायला लावा, कॅमेऱ्याशिवाय. ती कुठे वळते, वाळूला कुठे टेकते तिथे काठी रोवा. मग चेहऱ्यांचं काम चालू असताना ती लांब जाऊन थांबेल. होडीवाल्याच्या हातात वॉकीटॉकी द्या, पिशवीत गुंडाळून. हात हलवून केलेली खूण मावळत्या सूर्यासमोर त्याला दिसेल, पण त्याची तुम्हाला दिसणार नाही.